लाभधारक नको, ग्राहक म्हणा



गहू परवा पेरून झाला. दोन एकर, काळी जमीन, ओलवून वापशावर पेरणी. पेरताना एकच विचार डोक्यात होता, की पहिलं पाणी कधी मिळणार. गेल्या वर्षी याच तुकड्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज पिकाचं सोडून पाटाचं लिहितो. लांबेल थोडं. चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी पेरणी होती 17 नोव्हेंबरची. गव्हाला मुकुटमुळं फुटायची वेळ 20 ते 22 व्या दिवसाची, म्हणजे 7 ते 9 डिसेंबर. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली, पेपरात बातमी आली की रब्बीचं पहिलं आवर्तन 5 डिसेंबरला सुटणार. आमची चारी टेलला. वरून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत यायला तीन दिवस लागतात, हे बापजाद्यांपासून ठाऊक. म्हणजे 8 तारीख. अगदी जुळून आलं म्हणून 7 ला संध्याकाळी दोन गोण्या युरिया फेकला. दारं धरायला माणूस सांगून ठेवला. पोटचारी साफ केली.

8 ला पाणी नाही. 9 ला नाही. चौकीदाराला फोन केला, तो म्हणाला, "दादा, मला पण वरून काही निरोप नाही. आज उद्या येईल." 11 ला पेपरात काही नाही. 13 ला गावातल्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला की आवर्तन रद्द झालं. 14 ला दुसऱ्यानं टाकलं की सुटलंय, पाणी पुलापर्यंत आलंय. तो पूल कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही. युरिया वरच्या कोरड्या मातीत पडून होता आणि सकाळच्या दवानं त्याचा निम्मा वास हवेत चालला होता.

पाणी आलं 19 डिसेंबरला, रात्री दोन वाजता. पेरणीपासून बत्तिसावा दिवस. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं चारीवर कुणीच नव्हतं. पहाटे शेजारचे नाना बॅटरी घेऊन आले तेव्हा निम्मं पाणी नाल्यात चाललेलं. ज्या पाण्यासाठी अकरा दिवस आभाळाकडं बघावं तसं पाटाकडं बघत होतो, तेच पाणी आमच्या डोळ्यांदेखत नाल्याला.

मधल्या काळात विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर भिजवून घेतला होता, 9 तारखेला. त्यापेक्षा जास्त विहीर झेपली नाही. कापणीला तो अर्धा एकर वेगळा ठेवला आणि वेगळा मोजला. एकरी हिशेबानं 16 क्विंटल. पाटाची वाट बघत राहिलेला दीड एकर, एकरी 11. बी तेच, खत तेच. माती थोडी उन्नीस-बीस असेल, शिवाय पहिल्या दीड एकरातला युरिया कोरड्यात गेला तोही हिशेबात धरा. हा काही विद्यापीठाचा प्रयोग नाही. पण एकरी पाच क्विंटलचा फरक नुसत्या मातीचा नसतो, एवढं आम्हालाही कळतं.

आता ऐका, उशीर का झाला. नंतर कळलं की वरच्या अंगाला कालव्याचा भराव खचला होता, दुरुस्ती चालली होती. कारण खरं होतं. जुना कालवा आहे, भराव खचणारच, आणि तसंच पाणी रेटलं असतं तर फुटून दहा जणांची शेतं धुऊन गेली असती. थांबवलं ते बरोबर केलं. माझं भांडण भराव खचण्याशी नाही. पाणी थांबवायचं ठरलं त्या दिवशी कुणालातरी ते माहीत होतं. एका कार्यालयात, एका टेबलावर. तिथून माझ्या बांधापर्यंत ती एक ओळ अकरा दिवसांत पोहोचली नाही. ती पोहोचली असती तर युरिया गोणीत राहिला असता, आणि आम्ही तिघा भावांनी विहिरींची पाळी लावून निदान सव्वा एकर तरी वेळेत भिजवला असता.

(कालव्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा एका साहेबावर जाते आणि गाडी तिथंच रुतते. आणि तुमच्याकडं वेगळं असेल असं मला वाटत नाही.)

आता जरा आजूबाजूला बघा. गॅसची टाकी बुक केली की मेसेज येतो. गाडी निघाली, मेसेज. टाकी मिळाली, मेसेज. बँकेतून दोनशे रुपये निघाले तरी फोन वाजतो. पाऊस पडणार का ते सांगायला मेघदूत अ‍ॅप आहे, आणि पाऊस तर कुणाच्या हातात नाही. पाटाचं पाणी मात्र माणसाच्या हातानं सुटतं, माणसाच्या हातानं बंद होतं, त्याला दार आहे, दाराला कुलूप आहे, कुलपाची किल्ली आहे. आणि नेमकं तेच कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही.

धरणाचं विचाराल तर सगळं माहीत आहे. जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज साठा येतो, दशांशासकट टक्केवारी. टीव्हीवर येतो, ग्रुपवर येतो. माझ्या दहावीतल्या पोराला एक टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी हे पाठ आहे. पण माझ्या मोरीला किती तास पाणी मिळणार, हे त्या कोणत्याच आकड्यात नाही. शेतकऱ्याला टीएमसी काय करायचाय? त्याला वार आणि तास पाहिजे.

माझ्या मते या रोगाचं मूळ एका शब्दात आहे. पाटबंधाऱ्याच्या कोणत्याही कागदावर आमचं नाव काय असतं? लाभधारक. वीज घेतली की ग्राहक. फोन घेतला की ग्राहक. नळाचं पाणी घेतलं तरी शहरात ग्राहक. कालव्याचं पाणी घेतलं, अर्ज भरला, पट्टी भरली, वर 20 टक्के स्थानिक उपकर भरला, की लाभधारक. म्हणजे कुणीतरी दिलं आणि आम्हाला लाभ झाला. लाभ ज्याला होतो त्यानं तक्रार करायची नसते, प्रसादाच्या बुंदीत मीठ कमी म्हणून कुणी भांडतं का?

हा नुसता शब्दाचा खेळ वाटत असेल तर नमुना नंबर 7 चा अर्ज भरून बघा. दरवर्षी भरतो आपण. सातबारा जोडा, पीक लिहा, क्षेत्र लिहा, मागची थकबाकी भरा नाहीतर अर्ज मंजूर नाही. ठीक आहे, भरतो. आणि त्याच जाहीर प्रकटनात खाली बारीक अक्षरात काय असतं ते वाचलंय कधी? पाणी कमी पडलं, आवर्तन लांबलं, त्यात पिकाचं नुकसान झालं तर शासन जबाबदार नाही, अशा अर्थाचा मजकूर. म्हणजे आमच्या बाजूला तारीख, मुदत, दंड, पंचनामा सगळं आहे. त्यांच्या बाजूला एकही तारीख नाही. सही मात्र आम्ही दोघं एकाच कागदावर करतो.

आणि आकारणी कशावर? हेक्टरवर. पीक कोणतं आणि क्षेत्र किती. त्या क्षेत्रावर पाणी खरंच किती आलं, कधी आलं, रात्री आलं की नाल्यात गेलं, याचा बिलाशी संबंध नाही. मुखाजवळचा ऊसवाला दार फोडून रात्रभर घेतो त्याचा हेक्टर आणि टेलच्या माझा हेक्टर कागदावर सारखाच. आमच्या शाखेत मी हे एकदा बोललो. साहेब चांगले होते, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "अहो पाटील, मोजायचं कसं? फ्ल्यूम कधीच बुजलाय." मी म्हटलं, "साहेब, मग बिल कसं काढता?" ते हसले. मी पण हसलो. दोघांकडंही दुसरं काही नव्हतं.

इथं कृषिशास्त्रज्ञ मंडळींना एक विचारायचंय, कारण या पानावर तुम्हीही बरेच जण आहात. तुमच्या शिफारशी दिवसांवर असतात. गव्हाला एकच पाणी असेल तर 40 ते 42 व्या दिवशी द्या. दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65. तीन असतील तर 20 ते 22, 40 ते 42 आणि 60 ते 65. शिफारस सोन्यासारखी आहे, मी स्वतः पाळून बघितलंय. पण ती पाळायला आधी हे कळायला पाहिजे की एक मिळणार, दोन मिळणार की तीन. हंगामाच्या सुरुवातीला जर कुणी सांगितलं, "टेलला यंदा दोनच, अमुक आठवड्यात आणि तमुक आठवड्यात," तर मी पेरणीची तारीख मागंपुढं करीन. गव्हाऐवजी हरभरा टाकीन. तिथंही फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, एवढ्यात भागतं. पण आकडाच नसला तर मी तुमची शिफारस कशाला लावू?

आणि पाणी वाया घालवतो म्हणून आम्हाला जे रोज ऐकवलं जातं, त्याचंही उत्तर यातच आहे. पाट आला की शेतकरी गुडघ्याएवढं पाणी का भरतो? अडाणी आहे म्हणून? पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून. घरी पाहुणा किती दिवसांनी जेवेल हे ठाऊक नसलं की तो पण दाबून जेवतो. गव्हाला सात-साडेसात सेंटिमीटर पाणी बास असतं हे मला कळतं, पण पुढच्या पाळीचा पत्ता नसताना मी पंधरा सेंटिमीटर भरणार. तुम्ही माझ्या जागी असाल तर तुम्हीही भराल. त्यातनं नत्र खाली धुपून जातं, जमीन दमट राहते, आणि हेच वीस-तीस वर्षं चाललं की चोपण होते. नीरा, प्रवरा, कृष्णा या खोऱ्यांतल्या जुन्या बागायती पट्ट्यांत क्षारपड झालेल्या जमिनी जाऊन बघा. तिथं पाण्याची टंचाई नव्हती, बेभरवशाचं पाणी होतं. एक साधी तारीख कळली असती तर किती पाणी वाचलं असतं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

ठिबकचंही तसंच. ठिबक घ्या, ठिबक घ्या. अहो, ठिबकला एक दिवसाआड पाणी लागतं आणि कालवा येतो महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांचं पाणी साठवायला शेततळं पाहिजे, आणि शेततळं भरायचं तर पाट केव्हा आणि किती तास हे आधी कळलं पाहिजे. सगळं फिरून तिथंच येतं.

बरं, आधुनिकीकरणाची चर्चा नाही असं नाही. भरपूर आहे. चर्चा निघाली की अस्तरीकरण, बंद नळी, स्वयंचलित दारं. शेजारी कर्नाटकात नारायणपूर डाव्या कालव्यावर दारं दुरून चालवायची यंत्रणा बसवली, जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात गोलबर्न-मरे भागात शेतकरी फोनवर नाहीतर संगणकावर पाणी मागवतो, ठरल्या वेळी त्याच्या दाराशी पाणी येतं, मीटर मोजतो, बिल त्याच मापाचं. चांगलंच आहे. मला कुणी दिलं तर मी हातानं नारळ फोडीन.

पण घाई नको. तिथं एका दारावर एक शेतकरी असतो, आणि त्याची जमीन शेकडो एकर. आमच्या एका मोरीवर चाळीस सातबारे. त्यातले सहा मयताच्या नावावर, चार जण पुण्याला, दोघा भावांची कोर्टात केस. इथं प्रत्येकाला मीटर लावणार कोण आणि रात्री त्याची राखण करणार कोण? म्हणून मोठी यंत्रणा आणली तरी शेवटचा एक किलोमीटर माणसांनाच जुळवावा लागणार. आणि माणसं जुळवायला आधी त्यांच्याशी बोलावं लागतं. जे खातं आज साधा निरोप देत नाही ते उद्या अ‍ॅप काढून काय करणार? अ‍ॅपमध्येही "माहिती उपलब्ध नाही" असंच दिसेल, फक्त रंगीत.

जुळू शकतं, हे आपल्याच राज्यात झालेलं आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण. त्याच्या कालव्याच्या टेलला ओझर भागात पाणी पोहोचतच नव्हतं. 1990 च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांना घेऊन पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, हजार घनमीटरच्या हिशेबानं पैसे भरायचे, आणि आत कुणाला किती हे आपसात ठरवायचं. नाल्यांवर बंधारे घालून विहिरी भरून घेतल्या, म्हणजे पाट आणि विहीर एकाच हिशेबात आली. पुढं वरच्या गावांनीही संस्था केल्या आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. त्या भागातल्या द्राक्षबागा तुम्ही बघितल्याच असतील. तिथं सुरुवात कोणत्या यंत्रानं झाली? मोजपट्टीनं आणि बैठकीनं.

याच अनुभवावर पुढं 2005 चा कायदा आला, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन. संस्थेला घनमापानं पाणी, पिकाचं स्वातंत्र्य, संचालक मंडळात मुख, मध्य आणि टेल तिघांचे प्रतिनिधी. वाचायला घ्या, चांगला कायदा आहे. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. कागदावर आपण देशात पुढं. पण कागद आणि चारी यांच्यामध्ये जे असतं तिथं आपण मागं. 1976 चा सिंचन कायदा झाला, त्याचे नियमच कित्येक दशकं बनले नाहीत आणि कारभार 1934 च्या इंग्रजांच्या कालवे नियमांवर चालत राहिला. प्रदीप पुरंदरे सरांनी हे वर्षानुवर्षं लिहून लिहून लेखण्या झिजवल्या. आमच्याकडंही 2005 च्या कायद्याखाली संस्था झाली. बोर्ड लागला, शिक्का झाला. संयुक्त पाहणी करून, चारी दुरुस्त करून, मोजमाप बसवून हस्तांतर करायचं होतं. दुरुस्ती झाली नाही, मापक बसला नाही, हस्तांतर अर्धवट. बोर्ड अजून आहे, त्याच्यावर चिमण्या बसतात.

आता आपल्या बाजूचंही बोलू. नाहीतर उद्या एखादा शाखाधिकारी हे वाचून म्हणेल, पाटील स्वतःच्या मांडीखालचं लपवतोय. आपण काय करतो? अर्ज एका एकराचा आणि भरणं तीन एकराचं. पट्टी भरायची वेळ आली की माफी होईल म्हणून थांबायचं. कालव्यात पाइप टाकून मोटर लावायची, आणि गेजची पट्टी उखडून तिचा खुरप्याला पत्रा करायचा. (हसू नका, मी बघितलाय तो खुरपा.) वरचा घेतो म्हणून आपण घेतो, आणि टेलवाला बोंबलतो. मी स्वतः टेलचा आहे म्हणून साव झालोय. मुखाला असतो तर काय केलं असतं याची खात्री मी देत नाही. वसुली नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून वसुली नाही, हे गोल चक्र खात्याचे लोक सांगतात ते खोटं नाही.

पण चक्र कुठून तोडायचं? जो मोठा आहे, ज्याच्या हातात दार आणि किल्ली आहे, त्यानं पहिलं पाऊल टाकायचं असतं. बिल मापाचं द्या, मग न भरणाऱ्याला मी पण बोल लावीन. कराडशेजारच्या मलकापूरनं नळाला मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. मीटर म्हटलं की लोक बिथरतात असं म्हणतात, पण पाणी खरंच चोवीस तास येतंय म्हटल्यावर लोकांनी मीटर स्वीकारले. आधी सेवा, मग पट्टी. दुकानातही आपण आधी माल बघतो.

आमचा चौकीदार बिचारा. तीन बीट एकट्याकडं. मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, फोन स्वतःचा. आवर्तन सुटलं की त्याला दिवसाला शंभर फोन येतात आणि त्यातले निम्मे शिव्यांचे. वरून त्यालाच काही कळवलेलं नसतं. मोजणीदाराची जागा रिकामी, दप्तर कारकून दोन शाखांना मिळून एक. या माणसाच्या हातात स्मार्टफोन दिला आणि "शेतकऱ्यांशी संवाद वाढवा" असं परिपत्रक काढलं तर तो फोन आधी पाटात टाकील. आणि बरोबर करील. ग्राहकसेवा सुधारायची तर या पाण्याच्या पोस्टमनला आधी माणसात आणा. जागा भरा. त्याला आतली बातमी आमच्या आधी कळू द्या.

पांझरा, मोसमच्या काठी जुनी फड पद्धत होती, शेकडो वर्षांची. तिथं पाटकरी गावानं नेमायचा आणि गावालाच उत्तर द्यायचा. फोन नव्हता, पण कुणाची पाळी कधी हे अख्ख्या फडाला माहीत असायचं. आपण तिथून पुढं आलो की मागं गेलो, तुम्हीच ठरवा.

मी कोट्यवधींचं काही मागत नाही. माझा हिशेब साधा आहे. मोरीला एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. चोवीस तासांत होतात साधारण 2,446 घनमीटर. साडेसात सेंटिमीटरचं भरणं धरलं तर हेक्टरी 750 घनमीटर, म्हणजे एका दिवस-रात्रीत सव्वातीन हेक्टर, आपले आठ एकर. आमच्या मोरीखाली चाळीस एकर. पोटचारीतला झिरपा सोडून पाच दिवस-रात्र. हे गणित सातवीतलं पोरगं करील. म्हणजे मायनरच्या तोंडाशी किती पाणी आहे आणि ते किती दिवस राहणार, एवढं कळलं तर चाळीस जणांचा तासांचा तक्ता आम्ही देवळात बसून एका संध्याकाळी बनवू. आम्हाला कुणाचा सल्लागार नको.

त्यासाठी काय लागतं? बुजलेला फ्ल्यूम गाळ काढून मोकळा करायचा. भिंतीवर गेजची पट्टी रंगवायची, लोखंडी नको, रंगाचीच, म्हणजे खुरपा होणार नाही. दिवसातून दोनदा आकडा वाचून तिथंच खडूनं लिहायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. आवर्तनाची तारीख ठरली की शाखा कार्यालयातून अधिकृत एक मेसेज, आणि तारीख बदलली की त्याच दिवशी दुसरा. कारण सांगितलंत तर उत्तम, नाही सांगितलंत तरी तारीख सांगा. तक्रार केली की तिला नंबर पडू द्या, नळाच्या तक्रारीला पडतो तसा. आणि अर्ज मंजूर करून जी पाळी दिलीच नाही, तिच्या वाट्याची पट्टी बिलातून वजा करा. ही शेवटची गोष्ट खात्याला सगळ्यात जड जाणार हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच ती सगळ्यात महत्त्वाची. चूक झाली की स्वतःच्या खिशातून काहीतरी जातं, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मेसेज आपोआप यायला लागतील.

काही जाणती मंडळी म्हणतील, ग्राहक म्हणून घेऊ नका, उद्या पाण्याचा बाजार होईल, पाणी आपला हक्क आहे. मला ही भीती समजते. पण हक्क म्हणजे तरी काय? किती घनमीटरचा, कोणत्या तारखेचा, कुठल्या मोरीवरचा, हे लिहिलेलं नसेल तर तो हक्क नुसता भाषणात राहतो. 2005 च्या कायद्यातही हक्क मापानंच सांगितलाय. मला मालक म्हणा, भागीदार म्हणा, ग्राहक म्हणा, जे आवडेल ते म्हणा. फक्त लाभधारक म्हणून हात जोडून उभं करू नका.

यंदाचा आमचा बेत सांगतो आणि थांबतो. मोरीखालच्या एकतीस जणांनी नमुना 7 चे अर्ज एकत्र भरलेत, सगळ्यांची थकबाकी भरून, पावत्या जोडून. नऊ जण अजून राहिलेत, त्यांच्या घरी नाना आणि मी रोज संध्याकाळी जातोय. दोघं चहा पाजतात पण सही करत नाहीत. रविवारी आम्ही स्वतः फावडी घेऊन फ्ल्यूममधला गाळ काढणार आहोत, चौकीदार भाऊ येतो म्हणालाय. सोमवारी अर्जांचा गठ्ठा घेऊन शाखेत जायचंय. अर्जासोबत एक वेगळं पत्र देणार आहोत, त्यात एकच प्रश्न आहे: पहिलं पाणी आमच्या मायनरच्या तोंडाशी कोणत्या दिवशी आणि किती क्युसेक. आवक शिक्का मारून पोच घेणार. माझ्या गव्हाचा एकविसावा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. युरियाच्या गोण्या अजून आणल्या नाहीत. तारीख लेखी मिळाली की आणीन, 266 रुपये 50 पैशांची गोणी आहे, पण गेल्या वर्षी ती मला पाच क्विंटलला पडली.